संकेतस्थळावरचे ‘सध्या’ पान: काय लिहावे, काय गाळावे आणि तारीख का घालावी

सांगलीच्या हरभट रस्त्यावर भडंग घ्यायला थांबले की ओळखीचे कोणीतरी भेटतेच आणि विचारते, ‘काय, सध्या काय चाललंय?’ त्यावर आपण सगळेच ठरलेले उत्तर देतो, ‘चाललंय आपलं नेहमीचंच.’ प्रश्नही तेवढ्यापुरता असतो आणि उत्तरही, त्यामुळे कोणाचे काही बिघडत नाही. पण तोच प्रश्न पुण्याच्या एखाद्या प्रकाशकाने, दहा वर्षांनी फोन करणाऱ्या वर्गमैत्रिणीने किंवा काम देऊ पाहणाऱ्या अनोळखी माणसाने विचारला, तर ‘नेहमीचं’ म्हणजे नेमके काय हे सांगावे लागते, आणि प्रत्येकाला नव्याने सांगावे लागते. हे उत्तर एकदा नीट विचार करून स्वतःच्या संकेतस्थळावर लिहून ठेवणे, त्यावर तारीख घालणे आणि परिस्थिती बदलली की ते बदलणे, एवढाच या लेखाचा विषय आहे. मी सांगलीत विश्रामबागेत घरी बसून भाषांतराची कामे करते, माझ्या संकेतस्थळावर असे पान गेली काही वर्षे आहे, आणि पुढे सांगितलेल्या बहुतेक चुका मी स्वतः करून पाहिल्या आहेत.

ही प्रथा कुठून आली

इंग्रजी संकेतस्थळांवर या पानाला ‘नाऊ पेज’ म्हणतात. संगीतकार, प्रोग्रॅमर आणि सीडी बेबी या कंपनीचे संस्थापक डेरेक सिव्हर्स यांनी ऑक्टोबर २०१५ मध्ये या कल्पनेचा प्रसार सुरू केला. त्यांच्या संकेतस्थळावर असे पान होते, ते पाहून ग्रेगरी ब्राऊन यांनी आपल्या संकेतस्थळावर तसेच केले, आणि ही गोष्ट इतरांनाही करता येईल हे तेव्हा सिव्हर्स यांच्या लक्षात आले. वर्षभर न भेटलेल्या मित्राला आपण जे सांगू ते या पानावर लिहावे, असे माप त्यांनी सुचवले आहे. हे माप फार उपयोगी आहे, कारण वर्षभराने भेटलेल्या मित्राला आपण काल काय जेवलो हे सांगत नाही आणि जन्मापासूनचा इतिहासही ऐकवत नाही.

यावरून या पानाचे शेजारीही ओळखता येतात. ‘माझ्याविषयी’ या पानावर शिक्षण, अनुभव, जुनी कामे असा मजकूर असतो आणि तो पाच वर्षे तसाच राहिला तरी खोटा ठरत नाही. व्हॉट्सॲपचे स्टेटस २४ तासांनी आपोआप निघून जाते. ‘सध्या’चे पान या दोन्हींच्या मधले, साधारण दोन ते सहा महिने टिकणारे असते. ज्या गोष्टीचे आयुष्य त्याहून कमी आहे ती स्टेटसमध्ये घालावी, आणि जिचे त्याहून बरेच जास्त आहे ती ‘माझ्याविषयी’त न्यावी.

लिहिण्याआधी: चौदा दिवसांची नोंद

संगणक उघडण्यापूर्वी एक काम करायचे असते, आणि ते टाळले तर पुढचे सगळे वाया जाते. भिंतीवरच्या कॅलेंडरचे मागच्या महिन्याचे पान फाडून घ्यावे आणि त्याच्या पाठीमागे सलग चौदा दिवस, रोज रात्री झोपण्यापूर्वी, दिवसाचे तास कुठे गेले हे लिहावे. मिनिटांचा हिशेब नको. ‘भाषांतर ४, बँक आणि बिले १, स्वयंपाक ३, फोन २’ इतके ढोबळ पुरते. दुसरा कागद घेऊन त्यावर, पहिला कागद न पाहता, सध्या आपल्याला महत्त्वाच्या वाटणाऱ्या गोष्टी लिहाव्यात. चौदा दिवस झाले की दोन्ही कागद शेजारी ठेवून वाचावेत.

बहुतेकांना इथे थोडी लाज वाटते. माझ्या दुसऱ्या कागदावर ‘मोडी लिपी शिकणे’ ठळक अक्षरांत होते आणि पहिल्या कागदावर चौदा दिवसांत मोडीचा उल्लेख एकदाही नव्हता. अशी गोष्ट ‘सध्या’ या सदरात बसत नाही. ती इच्छा आहे, आणि इच्छा बाळगण्यात काही गैर नसले तरी तिला चालू कामाच्या रांगेत उभे केले की सगळे पान हवेत जाते. उलट जो विषय पहिल्या कागदावर रोज दिसतो आणि दुसऱ्यावर नाही, त्याच्याकडे जरा थांबून पाहावे. माझ्याकडे तो सासूबाईंच्या औषधपाण्याचा होता. त्यात दिवसाचे दोन तास जात होते आणि मी त्याला काम मानतच नव्हते.

दोन्ही कागदांवर असलेल्या गोष्टींतून तीन ते पाच निवडाव्यात. पाचच्या पुढे गेलात तर ती यादी होते, अग्रक्रम उरत नाहीत. सहावी गोष्ट घालण्याचा मोह फारच झाला, तर आधीच्या पाचांपैकी कोणती काढणार हे आधी ठरवावे.

एक नोंद कशी लिहावी

‘सध्या वाचन, लेखन आणि स्वतःवर काम करणे सुरू आहे’ हे वाक्य अनेक पानांवर दिसते आणि त्यातून वाचणाऱ्याला काहीही कळत नाही. प्रत्येक नोंदीत शक्यतो तीन गोष्टी असाव्यात: काय चालले आहे, ते कुठवर आले आहे, आणि साधारण कधीपर्यंत चालणार आहे. ‘पाणीवाटपावरच्या एका पुस्तकाचे भाषांतर करते आहे, बावीसपैकी नऊ प्रकरणे झाली, मार्चअखेर पूर्ण व्हावे’ असे लिहिले की प्रकाशकाला माझा एप्रिल मोकळा आहे हे न विचारता समजते, आणि मैत्रिणीला फेब्रुवारीत माझ्याकडून महाबळेश्वरच्या सहलीची अपेक्षा ठेवू नये हेही समजते.

धंदा किंवा कारागिरी असणाऱ्यांसाठी हा भाग आणखी महत्त्वाचा आहे. मिरजेत सतारी आणि तंबोरे घडवणाऱ्या एखाद्या कारागिराने आपल्या पानावर ‘दर्जेदार तंतुवाद्ये मिळतील’ असे लिहिणे म्हणजे दुकानाची पाटीच पुन्हा लिहिणे झाले. त्याऐवजी ‘सध्या चार तंबोऱ्यांचे काम हातात आहे, दोन जवारीला आले आहेत, नवीन वाद्याची मागणी दिवाळीनंतर घेईन, दुरुस्ती मात्र चालू आहे’ असे त्याने लिहिले, तर धारवाडहून किंवा कोलकात्याहून विचारणाऱ्या गायकाला एका परिच्छेदात सगळे उत्तर मिळते. जवारी म्हणजे काय हे ज्याला माहीत आहे तोच त्याचा गिऱ्हाईक आहे, त्यामुळे धंद्यातला शब्द सोपा करून सांगण्याची गरज नाही.

भाषेबद्दल एकच सूचना. पूर्ण वाक्ये लिहा, पण प्रस्ताव किंवा अर्ज लिहिल्यासारखी नकोत. ‘कार्यरत आहे’, ‘वाटचाल सुरू आहे’, ‘या क्षेत्रात योगदान देत आहे’ असे शब्द हाताखालून निसटून गेलेले दिसले की तिथे थांबावे आणि हीच गोष्ट जेवताना भावाला कशी सांगितली असती ते आठवून लिहावे.

या नोंदींच्या खाली दोन ओळींचा आणखी एक भाग ठेवावा, त्याला मी ‘सध्या नाही’ म्हणते. आपण काय करत नाही आहोत हे त्यात लिहायचे: नवीन भाषांतरे, शाळांतली व्याख्याने, पुस्तकांची परीक्षणे. नकार देणे आपल्याकडे फार जड जाते. तोंडावर ‘नाही’ म्हणण्याऐवजी ‘बघू, कळवते’ म्हणून आपण समोरच्यालाही लटकवतो आणि स्वतःलाही. इथे ते आधीच, कोणा एकाला उद्देशून नसलेले, लिहिलेले असते. कोणी आग्रह केला तर मी पानाचा दुवा पाठवते, आणि आजवर त्याबद्दल कोणी रागावलेले नाही.

तारीख

संपूर्ण लेखातील एकच गोष्ट पाळायची असेल तर ही पाळा. सांगलीकराला याचे महत्त्व वेगळे समजावून द्यावे लागू नये. पावसाळ्यात कृष्णा चढू लागली की १९२९ साली बांधून झालेल्या आयर्विन पुलापाशी पाणी किती फुटांवर आहे, याचे आकडे फोनाफोनी होऊन घरोघर पोहोचतात. तिथली इशारा पातळी ४० फूट आणि धोका पातळी ४५ फूट, हे इथल्या शाळकरी मुलांनाही पाठ असते. पण ‘पाणी ३८ फूट’ एवढाच निरोप आला तर पहिला प्रतिप्रश्न येतो, ‘किती वाजताचं?’ सकाळी सहाचे ३८ आणि रात्री दहाचे ३८ यांत गाद्या माळ्यावर चढवायच्या की नाही एवढा फरक असतो. वेळ नसलेला आकडा खोट्याहून वाईट, कारण तो खरा वाटतो.

‘सध्या’ हा शब्दही असाच आहे. माझ्या पहिल्या पानावर मी जूनमध्ये ‘सध्या नवीन काम घेत नाही’ असे लिहिले होते आणि तारीख घातली नव्हती. हातातले काम नोव्हेंबरात संपले, मी कामे शोधू लागले, आणि ते वाक्य पुढच्या एप्रिलपर्यंत तसेच लटकत राहिले. एका प्रकाशन संस्थेतल्या बाई नंतर एका कार्यक्रमात भेटल्या तेव्हा सहज म्हणाल्या, ‘तुमच्या पानावर वाचलं, म्हणून दुसरीकडे दिलं.’ त्यांची काही चूक नव्हती. तिथे जूनची तारीख असती तर त्यांनी निदान एक फोन केला असता.

म्हणून पानाच्या अगदी वर, शीर्षकाच्या खालच्याच ओळीत, दिवस, महिना आणि वर्ष पूर्ण लिहावे. ‘नुकतेच अद्ययावत’ ही तारीख नव्हे. तारीख आपोआप बदलण्याची सोय बऱ्याच संकेतस्थळांत असते, ती या पानावर वापरू नये. एखादा स्वल्पविराम दुरुस्त केला तरी ती आजची तारीख दाखवते आणि सात महिन्यांपूर्वीचा मजकूर ताजा असल्याचे भासवते. तारीख हाताने लिहावी, आणि पूर्ण पान वाचून प्रत्येक वाक्य आजही खरे आहे याची खात्री झाली तरच बदलावी. काहीही बदलले नसेल आणि सगळे खरे असेल, तर नुसती तारीख बदलणे हेसुद्धा योग्य अद्ययावतीकरण आहे.

काय लिहू नये

सासूबाईंच्या औषधपाण्याला दोन तास जातात हे लक्षात आल्यावर मी प्रामाणिकपणाच्या उत्साहात पानावर लिहिले की त्यांच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली आहे आणि मी त्यात गुंतले आहे. दुसऱ्या आठवड्यात कराडहून त्यांच्या मावसबहिणीचा फोन आला. फोन ठेवून सासूबाई स्वयंपाकघराच्या दारात आल्या आणि म्हणाल्या, ‘गुडघा माझा, आणि खबर तुझ्या पानावर, होय गं?’ मी त्याच संध्याकाळी ते वाक्य काढले. आता तिथे ‘घरात एका व्यक्तीची देखभाल करते आहे, त्यामुळे दुपारी फोन उचलत नाही’ एवढेच असते, आणि वाचणाऱ्याला त्याहून जास्त कळण्याची गरजही नाही.

यातून नियम असा निघतो की आपला वेळ सांगावा, दुसऱ्याचे कारण सांगू नये. घरातल्या माणसांची नावे, आजार, मुलांची शाळा आणि वर्ग, न्यायालयातली प्रकरणे, जागेचे वाद, नोकरी सोडण्याचे विचार हे सगळे बाहेर ठेवावे. परगावी जाण्याच्या नेमक्या तारखा तर कधीच घालू नयेत. घराला कुलूप असल्याची जाहिरात करण्यात शहाणपण नाही. ‘डिसेंबरात काही दिवस संपर्कात नसेन’ पुरते, तेही परत आल्यावर लिहिले तरी चालते. आणि एकदा छापलेले पुसता येते असे समजू नये. इंटरनेट अर्काइव्हसारख्या संस्था जगभरातल्या पानांच्या प्रती साठवून ठेवतात, त्यामुळे आज काढलेले वाक्य कुठेतरी तारखेसह शिल्लक असू शकते.

पान बांधणे

तांत्रिक भाग तासाभराचा आहे. वर्डप्रेससारखी व्यवस्था वापरत असाल तर नवीन ‘पेज’ करावे, ‘पोस्ट’ नव्हे. पोस्ट तारखेच्या क्रमाने मागे ढकलली जाते, पेज जिथल्या तिथे राहते आणि मेनूत जोडता येते. स्वतः एचटीएमएल लिहीत असाल तर एक शीर्षक, एक तारीख आणि चार परिच्छेद एवढ्यासाठी कसल्याही सजावटीची गरज नाही.

पत्त्याबाबत मात्र विचार करावा. पत्त्याच्या शेवटी देवनागरीत ‘सध्या’ लिहिता येते आणि ब्राउझरच्या पट्टीत ते देखणे दिसते, ‘.भारत’ हा देवनागरी डोमेनही २०१४ पासून उपलब्ध आहे. पण असा पत्ता उचलून संदेशात चिकटवला की अडचण दिसते. युनिकोड म्हणजे सगळ्या लिपींतल्या अक्षरांसाठी संगणकांनी मानलेली एकच प्रमाण व्यवस्था; तिच्या नेहमीच्या यूटीएफ-आठ पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते, आणि पत्त्यात प्रत्येक बाइटचे टक्क्याच्या खुणेसह तीन अक्षरांत रूपांतर होते. ‘सध्या’ या शब्दात स, ध, हलन्त, य आणि काना अशी पाच चिन्हे आहेत, म्हणजे पाच गुणिले नऊ, पंचेचाळीस अगम्य अक्षरे. असा दुवा पाहून माझ्या भावाने तो व्हायरस समजून उघडलाच नव्हता. माझा सल्ला असा की मुख्य पत्ता रोमन लिपीत छोटा ठेवावा, देवनागरी पत्ता हवा असल्यास तो त्याच्याकडे वळवावा, आणि पानाचे शीर्षक मात्र मराठीच ठेवावे.

मजकूर युनिकोडमध्येच टंकावा. छपाईसाठी वापरल्या जाणाऱ्या जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमधला मजकूर चिकटवला तर समोरच्याला निरर्थक चिन्हे दिसतात आणि शोधयंत्रालाही तो सापडत नाही. पानाच्या संहितेत भाषा मराठी असल्याचा संकेत द्यावा. काही फॉन्ट त्यावरून ल आणि श यांची हिंदी वळणे टाळून मराठी वळणे दाखवतात. ओळींमधले अंतर अक्षराच्या उंचीच्या १.६ ते १.८ पट ठेवावे, नाहीतर वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या वेलांट्यांना भिडतात. फोनवर ‘दुसऱ्या’, ‘करणाऱ्या’ असे शब्द नीट उमटतात का हे एकदा पाहावे, कारण मराठीच्या त्या अर्ध्या ‘र’वर अनेक फॉन्ट अडखळतात.

बदल कधी करावा

‘दर महिन्याच्या एक तारखेला’ असा नियम मी करून पाहिला आणि तो तिसऱ्या महिन्यात मोडला. आयुष्य जिथे आपोआप वळते तिथे हा बदल बांधून टाकणे जास्त टिकते. आमच्या तासगाव-मिरज पट्ट्यातल्या द्राक्षबागायतदाराला हे वेगळे शोधावे लागत नाही: एप्रिलची खरड छाटणी आणि ऑक्टोबरच्या आसपासची फळछाटणी, या दोन वेळांना त्याचे सगळे काम पालटते. फळछाटणीनंतर फुटवे, विरळणी, फवारण्या यांत त्याला मान वर करायला फुरसत नसते, आणि माल गेल्यावर तोच माणूस लग्नाकार्यांत रमतो. माझ्या एका बागायतदार आतेभावाचे पान वर्षातून तीनदा बदलते, दोन छाटण्यांना आणि माल गेल्यावर, आणि ते कधी शिळे झालेले मी पाहिलेले नाही. शिक्षकाला जून आणि दिवाळीची सुट्टी, करसल्लागाराला मार्चअखेर, असे ज्याचे त्याला सापडते. यापलीकडे एकच कारण: हातातली मोठी गोष्ट संपली किंवा सुटली, तर त्याच आठवड्यात पान बदलावे.

जुना मजकूर खोडण्यापूर्वी एका फाइलमध्ये तारखेसह उतरवून ठेवावा. पानावर तो ठेवू नये, पण स्वतःजवळ असावा.

एक पूर्ण नमुना

माझे आत्ताचे पान, थोडे छाटून, असे आहे:

‘सध्या. १० ऑक्टोबर २०२५ रोजी लिहिले. मुक्काम सांगली.

पाणीवाटपावरच्या एका पुस्तकाचे मराठी भाषांतर करते आहे. बावीसपैकी नऊ प्रकरणे झाली. मार्चअखेर पूर्ण करायचे आहे. सकाळी सहा ते दहा हेच काम असते, त्या वेळात फोन बंद असतो.

पोहायला शिकते आहे. सात आठवडे झाले, पाण्यात तोंड घालायची भीती अजून गेलेली नाही.

घरात एका व्यक्तीची देखभाल करते आहे, त्यामुळे दुपारी फोन उचलत नाही. संध्याकाळी सातनंतर मी घरच्यांची.

सध्या नाही: नवीन पुस्तके, व्याख्याने, तातडीची मुद्रितशोधने. लहान लेखांची भाषांतरे घेते, पंधरा दिवसांची मुदत असेल तर. पुस्तकाबद्दल एप्रिलमध्ये जरूर विचारा.’

सव्वाशेहून कमी शब्द आहेत. याहून दुप्पट झाले तर काहीतरी काढा. पोहण्याची नोंद ठेवावी की नाही यावर मी बराच विचार केला होता, कारण तिचा कामाशी संबंध नाही. पण पान वाचून आलेल्या पत्रांपैकी निम्मी त्या भीतीविषयी असतात, म्हणून ती राहिली.

पान लोकांपर्यंत पोहोचवणे, आणि बंद करणे

मेनूत दुवा घातल्यावर ईमेलच्या सहीखाली ‘सध्या काय करते’ असा एक दुवा जोडावा, आणि व्हॉट्सॲपच्या ‘अबाउट’मध्ये छोटा पत्ता ठेवावा. सिव्हर्स यांनी जगभरातल्या अशा पानांची यादी वेगळ्या संकेतस्थळावर ठेवली आहे. तिच्यात नाव घालण्याची सक्ती नाही, पण इतरांनी काय लिहिले आहे हे पाहायला ती उपयोगी पडते. भेटींची संख्या मोजत बसू नये. माझ्या पानाचे खरे वाचक पंधरा-वीस आहेत आणि त्यांतली एक मी आहे.

सहा महिने पानाला हात लावता येणार नाही असे दिसत असेल, तर ते तसेच सोडू नका. मेनूतला दुवा काढा, पत्ता चालू ठेवा आणि तिथे एकच ओळ राहू द्या: ‘हे पान सध्या थांबवले आहे, विचारायचे असेल तर ईमेल करा’, आणि त्या ओळीवरही तारीख घाला.